आधी नंबर डॉक्टरचा, मग पट्टा कुत्र्याचा!

घरात कुत्रा आणायचा ठरला की आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, कुठल्या जातीचा? दुसरा, केवढ्याला मिळाला? आणि तिसरा, हा प्रत्येक घरातल्या आजीचा, "हे व्हेज खातं ना?" चौथा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. रात्री दोन वाजता याला काही झालं तर न्यायचं कुठे, कसं आणि कोणाच्या पैशांनी?

मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर ज्या घरात नाही त्या घरात कुत्रा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाक्य जरा कडक झालं, मान्य आहे. लगेच कोणीतरी म्हणेल, "अगं, पण आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं वाढवतो!" प्रेमाबद्दल माझी तक्रार नाहीच मुळी. प्रेमात आपण कधी कमी पडत नाही, कमी पडतो ते तयारीत. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लावणाऱ्या जमातीला हे मी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की पेपर गेला तर केटी लागते आणि पुढच्या सेमला सोडवता येते. इथे केटीची सोय नाही.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत एवढा मोठा लेख लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची, मतांची जबाबदारी माझी!)

माणसाचं तसं बरं असतं. छातीत कळ आली की १०८ फिरवायचा. तालुक्याच्या गावातसुद्धा एखादं रुग्णालय रात्रभर उघडं असतं. शिवाय पेशंटला बोलता येतं, निदान कुठे दुखतंय तिथे बोट तरी ठेवता येतं. कुत्र्याच्या बाबतीत यातलं काहीच नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे, त्यावर फिरता दवाखाना बोलावता येतो. पण ती सोय मुख्यतः शेतकऱ्याच्या दावणीच्या जनावरांसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखानेही गाय, म्हैस, शेळी डोळ्यांसमोर ठेवून उभारलेले. तिथले डॉक्टर कुत्रंही तपासतात. पण मध्यरात्री सोनोग्राफी आणि पोटाचं ऑपरेशन तिथे होईल अशी अपेक्षा करणं म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या लेथवर मोबाइलची चिप बनवा म्हणण्यासारखं आहे.

मुंबईकरांचं नशीब थोर. परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं खास छोट्या प्राण्यांसाठीचं हॉस्पिटल सुरू झालं, तिथे तर रात्रंदिवस इमर्जन्सी बघतात. पुण्यातही रात्री उघडे असणारे खासगी दवाखाने सापडतात. पण आपल्या कॉलेजमधली निम्मी जनता सातारा, कराड, फलटण, विटा, सांगली या भागातली. आपल्या पट्ट्यातलं मोठं नाव म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण ते शेवटी शिकवण्याचं ठिकाण, तिथल्या दवाखान्याच्या वेळा आधी विचारून ठेवायला हव्यात. म्हणजे अंतर, वेळ आणि वाहन ही तिन्ही व्हेरिएबल्स प्रत्येक गावाला वेगळी. म्हणून ज्याने त्याने आपलं गणित आधीच सोडवून ठेवायचं, दुसऱ्याचं जर्नल इथे कॉपी करता येत नाही.

आता पुराव्यादाखल आमच्या घरचं उदाहरण देते. आमचा बंड्या हा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर. लॅब्रॅडॉर म्हणजे चार पायांवर चालणारी भूक. २०२४ च्या जुलैमधली गोष्ट. मी सुट्टीत साताऱ्याला घरी होते. रविवारी बाहेर धो धो पाऊस, घरात पाहुणे आणि शेगडीवर मक्याची कणसं. दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, बंड्याने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. कुत्री अधूनमधून ओकतात, त्याचं एवढं काही नाही. पण रात्री दहापर्यंत पाणीसुद्धा पोटात ठरेना. पुढचे पाय जमिनीला टेकून आणि मागची बाजू वर करून तो नमस्कार घातल्यासारखा उभा राहायला लागला. सकाळपासून शी झालेली नव्हती.

आमच्या फ्रिजवर आईने एक कागद चिकटवलेला आहे. आई बँकेत आहे, त्यामुळे घरात सगळ्याची नोंद असते. त्या कागदावर बंड्याचं वजन, शेवटच्या लसीची तारीख आणि तीन डॉक्टरांचे नंबर. पहिला नंबर स्विच ऑफ. दुसरा नंबर सातव्या रिंगला उचलला गेला. डॉक्टरांनी न चिडता चार प्रश्न विचारले. पाणी राहतंय का? हिरड्यांचा रंग कसा आहे? पोट दाबल्यावर कण्हतो का? आणि नको ते काही गिळलं असण्याची शक्यता आहे का?

शेवटच्या प्रश्नावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आई मात्र टॉर्च घेऊन भर पावसात परसात गेली. आम्ही ओला कचरा खताच्या ड्रममध्ये टाकतो. मंडईतून डझनभर कणसं आणली होती, त्यातलं एक किडकं निघालं, म्हणजे अकरा भाजली. ड्रममध्ये दाणे खाल्लेली कणसं निघाली दहा. केमिकलच्या मुलांना हे ओळखीचं वाटेल. याला आपण मटेरियल बॅलन्स म्हणतो, इनपुट वजा आउटपुट! अकरावं कणीस कोणा प्रेमळ पाहुण्याने "घे रे बाळा" म्हणत खाली टाकलं असणार.

मक्याचं ते कणीस पोटात विरघळत नाही. ते आतड्यात जाऊन अडकतं, आतड्याच्या त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडायला लागतो आणि आतडं फाटलं तर सगळ्या पोटात जंतुसंसर्ग होतो. साध्या एक्स-रेत ते नेहमी नीट दिसतंच असं नाही, सोनोग्राफी लागते. डॉक्टर म्हणाले, "तोंडाने आता काहीही देऊ नका आणि सकाळची वाट बघू नका. पुण्याला न्या, मी तिथे फोन करून ठेवतो." शेजारच्या काकांनी गाडीची किल्ली दिली. खंबाटकी ओलांडून पहाटे एकच्या सुमारास आम्ही पुण्यात पोचलो, साडेतीनला ऑपरेशन झालं, कणसाचा बोटभर तुकडा निघाला. बंड्या वाचला. आजही कणीस बघून शेपूट हलवतो, म्हणजे अक्कल काही आलेली नाही.

ही गोष्ट बंड्याचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. त्या रात्री नेमकं काय कामाला आलं ते बघा. कोणाचं रडणं कामाला आलं नाही, 'माझा राजा तो' वगैरे कामाला आलं नाही. कामाला आला तो फ्रिजवरचा कागद, दुसरा नंबर, मोजलेली कणसं आणि शेजाऱ्याची गाडी. पहिल्या नंबरच्या डॉक्टरांवर आमचा राग नाही. माणूसच आहे, झोपणारच. म्हणूनच कागदावर एक नाही, तीन नंबर हवेत.

बरं, इमर्जन्सी ओळखायची कशी? कारण उठसूट डॉक्टरांना रात्री उठवणं हेही बरोबर नाही. एकदा ओकला, एकदा जेवला नाही, थोडा लंगडतोय, पण एरवी शेपूट हलवतोय, तर सकाळपर्यंत लक्ष ठेवून थांबता येतं. पण काही गोष्टींत थांबायचं नसतं. पोट ढोलासारखं फुगलंय आणि ओकायचा प्रयत्न करूनही काही पडत नाही, तर पोटाला पीळ बसलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त होतं आणि तिथे हिशोब तासांचा असतो. श्वास लागलाय, लघवीसाठी सारखा जातोय पण थेंब येत नाही, पिल्लाला उलट्यांबरोबर रक्ताची हगवण लागलीय, गाडीने उडवलंय पण 'वरून तर काही दिसत नाही', या सगळ्यात लगेच निघायचं.

एक सोपी परीक्षा सगळ्यांनी शिकून ठेवावी. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघायची. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी होते. पांढरीफटक, निळसर किंवा विटकरी लाल दिसली तर गाडी काढा. ताप बघायचा तर कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्याला ज्यात सबमिशन पुढे ढकलून मिळेल तेवढा ताप त्याला रोजचाच! आणि ही परीक्षा कुत्रा धडधाकट असताना चार वेळा करून बघा. कोरा ग्राफ असल्याशिवाय बिघडलेलं रीडिंग ओळखू येत नाही.

झटके आले तर आपल्याकडे अजून चप्पल नाहीतर कांदा हुंगवायची पद्धत आहे. त्याने काही होत नाही. तोंडात हात घालू नका, आजूबाजूचं सामान बाजूला करा, घड्याळ बघा आणि कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, डॉक्टरांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा एकामागून एक झटके आले तर निघा. मे महिन्यात ऊन लागून धापा टाकत कोसळला, आणि चपट्या नाकाच्या पगला हे लवकर होतं, तर आधी सावलीत घेऊन नळाचं पाणी अंगावर ओता, वारा घाला, मग गाडीत घाला. उंदराचं औषध खाल्लं असेल तर पाकीट बरोबर न्या. त्यातल्या काही औषधांनी रक्त गोठणं बंद होतं आणि परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. तेव्हा 'बघा, ठणठणीत आहे की' म्हणून निवांत व्हायचं नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय आहे, माणसालाही आणि कुत्र्यालाही.

आणि कृपा करून घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. आपल्याला चालते ती गोळी त्याला चालतेच असं नाही. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात. डायक्लोफेनॅकनेच आपली गिधाडं संपत आली आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं, विषावर दूध-तूप पाजणं, हे उपाय शेजारणींकडून फार आत्मविश्वासाने सांगितले जातात. त्यांना हो म्हणायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. फिनेल, ॲसिड, रॉकेल पोटात गेलं असेल तर ओकवल्याने उलट जास्त भाजतं. शिवाय दुखणारं कुत्रं स्वतःच्या मालकालाही चावतं, त्यात त्याचा दोष नाही. ओढणीने तोंड हलकंसं बांधून मग उचला, पण ओकत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. पैसा!

पुण्यात ऑपरेशनच्या आधी आम्हाला अंदाज दिला गेला पस्तीस हजारांचा. पहाटे दोनला, ओल्या कपड्यांत उभं राहून हा आकडा ऐकताना आधी पोटात खड्डा पडतो आणि मग त्या खड्ड्याचीच लाज वाटते. बाबांनी शांतपणे डॉक्टरांना विचारलं, "वाचायची शक्यता किती? आणि पैसे पुढे आणखी किती लागू शकतात?" मला तेव्हा हा प्रश्न फार कोरडा वाटला होता. आज वाटतं, तोच सगळ्यात प्रेमाचा प्रश्न होता. कारण मर्यादा प्रत्येक घराला असते, ती मान्य न करता उधारीवर उपचार सुरू करायचे आणि तिसऱ्या दिवशी अर्धवट सोडून द्यायचे, यात कुत्र्याचे हालच जास्त होतात.

माझ्या मते डॉक्टरांना सरळ सांगावं, "डॉक्टर, आमच्याकडे एवढेच आहेत. यात याच्यासाठी सगळ्यात उपयोगाचं काय होईल?" चांगला डॉक्टर यावर हसत नाही. तो दुसरा मार्ग सांगतो, कमी तपासण्यांचा, जवळच्या सरकारी दवाखान्याचा, शिरवळ-परळसारख्या कॉलेजांचा. लाजून गप्प बसलात तर त्याला तरी कसं कळणार? आणि त्याहून बरं म्हणजे आधीपासून साठवणं. महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकले तर तीन वर्षांत अठरा हजार होतात. पाचशे रुपये म्हणजे काय, ते हॉटेलचं बिल भरणाऱ्यांना मी सांगायला नको. हल्ली काही कंपन्या कुत्र्याचा विमाही उतरवतात, अटी नीट वाचून तोही बघावा.

हे सगळं हॉस्टेलवर सांगितलं तेव्हा माझी रूममेट गप्प झाली. ती माण तालुक्यातली, घरी चार गाई. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमच्या बंड्याला रात्री दोनला सोनोग्राफी मिळाली. आमची गंगी रात्रभर अडली होती, सकाळी डॉक्टर आले तोवर वासरूही गेलं आणि तीही गेली. दूध तिच्यावर चालायचं आमचं." यावर काय बोलणार? पहिल्यांदा मला वाटलं की ती मला टोमणा मारतेय. नंतर कळलं की तसं नव्हतं, ती फक्त जे आहे ते सांगत होती.

मी यावर पुष्कळ विचार केला. 'माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यावर हजारो उडवता' हा टोला तर आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. त्याला माझं उत्तर असं, की बंड्यावर पस्तीस हजार खर्च केले नसते म्हणून गंगीला रात्री डॉक्टर मिळाला नसता. उलट दोघांचं दुखणं एकच आहे. रात्री आपल्या भागात मुक्या जनावराला दार उघडं नसतं. शहरातला माणूस निदान गाडी काढून पुण्याला पळतो. अडलेली गाय गाडीत घालून कुठे पळणार? म्हणून कुत्रेवाले आणि गाईवाले यांनी एकमेकांना नावं ठेवण्यापेक्षा एकत्र मागणी केली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याला निदान एक असं ठिकाण हवं जिथे रात्री डॉक्टर हजर असेल. आणि ते होईपर्यंत गावातल्या खासगी डॉक्टरांनी रात्रीच्या पाळ्या लावून घ्याव्यात. गावात सात डॉक्टर असतील तर प्रत्येकाला आठवड्यातून एकच रात्र जागायची. बाकी सहा रात्री फोन बंद ठेवून झोपायचा त्यांना पूर्ण हक्क. कोणाची पाळी आहे ते प्रत्येक दवाखान्याच्या शटरवर लिहिलेलं असावं. याला मोठा निधी लागत नाही, एक वेळापत्रक लागतं.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक वाक्य. दिवसभर तीन गावं फिरून आलेल्या माणसाला रात्री एकला उठवायचं, त्याने धावत यायचं, आणि कुत्रं नाही वाचलं तर आपण त्याच्याच अंगावर ओरडायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग पुढच्या वेळी तो फोन बंद ठेवतो तेव्हा नवल कसलं? रात्रीची फी जास्त असते, ती कुरकुर न करता द्यावी.

आणखी एक गोष्ट घरात दिवसाउजेडी बोलून ठेवायची असते, ती म्हणजे शेवटचा निर्णय. कधीकधी डॉक्टर सांगतात की आता वाचणार नाही, वेदना मात्र वाढत जातील, झोपवलेलं बरं. त्या क्षणी घरात पाच जणांची पाच मतं असतात आणि शेवटी तो निर्णय जो सगळ्यात कमी रडतोय त्याच्यावर ढकलला जातो. हे बरोबर नाही. डॉक्टरांशी कोणी बोलायचं, कुठपर्यंत लढायचं, हे आधी ठरलेलं असावं. आमच्या घरी आता ते ठरलंय. बोलताना आजीने पदर डोळ्याला लावला, पण नंतर तीच म्हणाली, "बरं झालं बोललो. जनावर मुकं असतं, निदान आपण तरी मुकं राहू नये."

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुत्रा नाही, आम्हाला हे का सांगतेस? आहे की! आपल्या हॉस्टेलचा काळू. मेसच्या पोळ्या आणि पारले-जी खाऊन जगलेला, व्हायव्हाच्या दिवशी ज्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय कोणी आत जात नाही तोच. गेल्या सेमिस्टरला गेटजवळ त्याला मोटरसायकलने उडवलं. गर्दी जमली, फोटो निघाले, स्टेटस लागले. नंबर मात्र एकाकडेही नव्हता. शेवटी वॉचमन काकांनी फर्स्ट इयरच्या एका मुलाकडून ग्राफिक्सचा ड्रॉइंग बोर्ड मागून घेतला, काळूला त्यावर अलगद सरकवलं आणि पाठीचं हाड हलू न देता रिक्षातून घेऊन गेले. इतक्या भावी इंजिनिअरांच्या गर्दीत इंजिनिअरिंग सुचलं ते त्यांना! काळू आता तीन पायांवर पळतो, पण पळतो.

तेव्हा काकांनी रिक्षाचे आणि औषधाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले होते. हॉस्टेलवर आपण तीनशे जण राहतो. प्रत्येकाने सेमिस्टरला दहा रुपये दिले तर तीन हजार जमतात. गॅदरिंगच्या एका फ्लेक्सला याहून जास्त जातात. एक पत्र्याचा डबा, एक वही, दोन रिक्षावाल्यांचे आणि तीन डॉक्टरांचे नंबर मेसच्या फळ्यावर. एवढं आपण याच महिन्यात करू शकतो, आणि करावं असं माझं म्हणणं आहे. पाव घालतो त्याला आपला म्हणायचं आणि गाडीखाली आला की कॉलेजचा म्हणायचं, हे काही खरं नाही.

आता जे घरी कुत्रा आणायच्या बेतात आहेत, विशेषतः जे कोणाच्या तरी वाढदिवसाला पिल्लू 'गिफ्ट' द्यायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी एक असाइनमेंट. पिल्लू बघायला जायच्या आधी एका कागदावर सहा गोष्टी लिहा. तीन डॉक्टरांचे नंबर, त्यातला निदान एक रात्री येणारा. सर्वांत जवळचं ऑपरेशन होणारं ठिकाण आणि तिथे जायला लागणारा वेळ. रात्री गाडी देणाऱ्या दोन माणसांची नावं. बाजूला ठेवलेल्या पैशांचा आकडा. लसींच्या तारखा आणि वजन यांच्यासाठी मोकळी जागा. आणि घरातल्या ज्या माणसाने निर्णय घ्यायचा त्याचं नाव. कागद भरता आला तर खुशाल पिल्लू आणा, पेढे मलाही पाठवा. नाही भरता आला तर अजून एक वर्ष थांबा. ज्यांच्याकडे आधीच कुत्रा आहे त्यांना मात्र मुदतवाढ नाही, त्यांनी येत्या रविवारपर्यंत हा कागद फ्रिजवर लावायचा.

जर्नल तपासायला मी येणार नाही. ज्याला तपासायचं आहे तो तारीख सांगून येत नाही, आणि एक्स्टर्नल फार कडक असतो.

– तृतीय वर्ष, केमिकल अभियांत्रिकी